'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' (१९५६): सिनेमा भव्य, पण घड्याळ कुठे गेलं?

कल्याण_जंक्शन

निर्माता माइक टॉडचा हा सिनेमा इथे किती जणांनी सलग, मध्ये न उठता पाहिलाय? तीन तासांचा ऐवज आहे म्हणून विचारलं. १९५६च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याने 'द टेन कमांडमेंट्स', 'जायंट' आणि 'द किंग अँड आय' यांच्या नाकावर टिच्चून नेलं. पटकथा, छायाचित्रण, संकलन आणि संगीत धरून एकूण पाच. आणि आज 'यांना ऑस्कर मिळालंच कसं' अशा याद्या निघाल्या की याचं नाव त्यात हमखास असतं. मला सिनेमा आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी माझ्यावर घसरेल. तक्रार एकच आहे.

ज्यूल व्हर्नची कादंबरी १८७२च्या अखेरीस 'ल ताँ' या पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः छापून आली. साहसकथा म्हणून आपण ती वाचतो खरे, पण तिच्यात साहसापेक्षा हिशोब जास्त आहे. लंडनच्या रिफॉर्म क्लबात पत्ते कुटताना ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा होते की नाही यावर पैज लागते ती वर्तमानपत्रातल्या एका तक्त्यावरून. लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, तिथून हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७ आणि परत लंडन ९. करा बेरीज. व्हर्नने हे हवेतून काढलेलं नव्हतं. अमेरिकेची पूर्व-पश्चिम रेल्वे मे १८६९मध्ये जोडली गेली, त्याच नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला, आणि १८७०मध्ये जबलपूरला दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ मिळून मुंबई-कलकत्ता मार्ग पुरा झाला. कादंबरी दहा वर्षं आधी लिहिली असती तर ती परीकथा ठरली असती. १८७२मध्ये ती जवळजवळ बातमी होती.

पैज घेणारा फिलियस फॉग २ ऑक्टोबरला रात्री पावणेनऊच्या गाडीने निघतो आणि वाटेत एका वहीत नफा-तोटा मांडत जातो. मुंबईला बोट दोन दिवस आधी लागते, ते दोन दिवस जमेला. पुढे जंगलात हत्तीवरून जाण्यात आणि औदा नावाच्या तरुण विधवेला चितेवरून सोडवण्यात ते दोन्ही खर्ची पडतात. कलकत्त्याला पोचतो तेव्हा बाकी शून्य. मला ही वही फार आवडते. माणूस एका बाईचा जीव वाचवतो आणि वहीत दोन दिवस खर्ची टाकून गप्प बसतो. त्याबद्दल एक अक्षर जास्त बोलत नाही. व्हर्नने फॉगचं मन दाखवलंय ते असं.

आता सिनेमा. पॅरिसला पोचताच फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू बलूनमध्ये बसतात. मूळ कादंबरीत बलून नाहीच, हे आता कुणाला सांगून पटत नाही, कारण त्यानंतरच्या शेकडो पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर बलूनच आहे! आल्प्सच्या शिखराजवळून जाताना पासपार्तू हात बाहेर काढून मूठभर बर्फ ओरबाडतो आणि शॅम्पेन गार करायला ठेवतो. दृश्य झकास आहे, नाही म्हणत नाही. मग ते स्पेनमध्ये उतरतात. मग फ्लॅमेंको. मग बैलांची झुंज. ती झुंज संपेपर्यंत पैज लागली होती हेच माणूस विसरतो. पडद्यावर घड्याळं भरपूर दिसतात, पण घड्याळाचा धाक कुठेच नाही. आठ मिनिटं उशीर झाला तर काय होईल, हा जो गोळा कादंबरी वाचताना पोटात येतो, तो सिनेमात एकदाही येत नाही.

तर प्रश्न असा: वेळापत्रकावर उभ्या असलेल्या गोष्टीचा भव्य सिनेमा होऊ शकतो का? की भव्यता आली की घाई जाणारच?

-----

सत्तर_एमएम

पहिला नंबर! (बऱ्याच दिवसांनी.)

साहेब, तुम्ही हा सिनेमा घरच्या टीव्हीवर पाहिलाय आणि तक्रार टॉडची करताय. टॉड मुळात नाटकवाला, ब्रॉडवेवर तमाशे उभे करणारा गडी. आधी तो सिनेरामाच्या, म्हणजे अतिरुंद पडद्याच्या सिनेमाच्या, धंद्यात होता. तीन प्रोजेक्टर, तीन फिल्मी आणि पडद्यावर दोन शिवणी. तो पसारा सोडून त्याने अमेरिकन ऑप्टिकल कंपनीला गाठलं आणि तोच परिणाम एकाच फिल्मवर मागितला. त्यातून टॉड-एओ जन्माला आलं. ६५ मिलिमीटरची निगेटिव्ह, ७० मिलिमीटरची प्रिंट, सहा ट्रॅकचा चुंबकीय आवाज, आणि सेकंदाला २४ऐवजी ३० चौकटी, म्हणजे चित्र कमी लुकलुकतं. साध्या थिएटरांना ३० चौकटी चालणार नव्हत्या, म्हणून अख्खा सिनेमा २४ चौकटींत वेगळा चित्रित केला. एक सिनेमा दोनदा! आज एखाद्या निर्मात्याला सांगून बघा.

हे सगळं कशासाठी, तर तुम्ही खुर्चीत बसून आल्प्सवरून जावं यासाठी. सुरुवात आठवा. एडवर्ड मरो हा वार्ताहर छोट्या चौकोनी पडद्यावर येऊन व्हर्नबद्दल बोलतो, मेलिएसच्या जुन्या मूकपटातली चंद्रावर जाणारी तोफ दाखवतो, आणि मग रॉकेट उडतं तसा पडदा दोन्ही बाजूंनी उलगडत जातो. १७ ऑक्टोबर १९५६ला न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात ज्यांनी हे पाहिलं असेल त्यांना वहीतला जमाखर्च नको होता. आणि टॉडने थिएटरात पॉपकॉर्न विकायला बंदी घातली होती. नाटकासारखी राखीव तिकिटं, हातात छापील पुस्तिका. तो सिनेमा नव्हे, सोहळा विकत होता.

बलून कादंबरीत नाही हे खरं. पण रुंद भिंगाचा एवढा महाग कॅमेरा हातात असताना माणसाने आगगाडीच्या डब्यात पत्ते खेळणारे चार इंग्रज दाखवावेत असं तुमचं म्हणणं आहे का?

-----

बेरकी_बोका

मूळ कादंबरीतला मुंबई मुक्काम कुणी वाचलाय का? फॉग शहर बघायला बाहेर पडतच नाही. पासपोर्टवर शिक्का मारून घेतो आणि स्टेशनात जेवायला बसतो. तिथला खानसामा 'इथल्या सशाचं' म्हणून काहीतरी वाढतो. फॉग दोन घास खातो, मालकाला बोलावतो आणि शांतपणे विचारतो की हा ससा मारताना म्यावं म्यावं करत होता का. वर ऐकवतो की पूर्वी भारतात मांजरं पवित्र मानत, तो काळ चांगला होता. मांजरांसाठी आणि बहुतेक प्रवाशांसाठीही.

आमच्या जातभाईंच्या वतीने निषेध. पण फॉगचा अख्खा स्वभाव या एका ताटात आहे. सिनेमात त्याऐवजी पासपार्तू झालेला कँटिनफ्लास मुंबईच्या रस्त्यात गायीसमोर बुलफायटिंग करतो आणि लोक त्याच्या मागे लागतात. स्पेनमधला विनोद पुन्हा गरम करून वाढलाय.

-----

रेवती_वाचतेय

वाचतेय. कल्याण दादा, धागा मस्त.

-----

खानदेशी_ठेचा

आमच्या भागातून गेली ना भाऊ ती गाडी! म्हणून मी तो धडा दोनदा वाचला. व्हर्न भारतात कधी पाय ठेवायला आला नव्हता हे लगेच कळतं. घाट उतरून नाशिक मागे टाकलं की सपाट, पिकाऊ खानदेश लागतो, इथवर बरोबर. पुढे इंग्रज ड्रायव्हर इंग्लंडचा कोळसा जाळत चाललाय आणि इंजिनाचा धूर कशावर पसरतो? कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवर! कापूस मान्य. पण खानदेशात जायफळ? लवंग? आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीला माणूस टिकत नाही, जायफळ कुठून टिकेल.

गावांमधून देवळांचे मिनार वर डोकावतात असंही लिहिलंय. देऊळ का मशीद ते नक्की नाही, पण डोकावतात. मग मालेगाव ओलांडलं की कालीच्या भक्तांचा रक्ताळलेला प्रदेश. तिथून जवळच वेरूळ आणि औरंगाबाद. आणि दुपारी साडेबाराला गाडी बुऱ्हाणपूरला थांबते, तिथे पासपार्तू खोट्या मोत्यांच्या चपला विकत घेतो, कारण मलबार हिलच्या देवळात बूट घालून घुसल्यामुळे त्याचे बूट गेलेले असतात. नंतर तापीच्या काठाने अशिरगडाकडे. म्हणजे नकाशा याच्यासमोर नक्की होता. फक्त नकाशावर पिकं छापलेली नव्हती.

आता सांगा, सिनेमात खानदेश कुठंय? एकही स्टेशन नाही. मुंबई सोडली की थेट जंगल. व्हर्नने चुकीचं का होईना, आमचं नाव तरी घेतलं.

-----

कल्याण_जंक्शन

ठेचाभाऊ, लाख बोललात. त्यात माझी एक भर. गाडी कल्याणला पोचते तिथे व्हर्न चक्क सांगतो की खंडाळा-पुण्याकडची शाखा इथून फुटते. १८७२मध्ये फ्रान्समध्ये बसून कल्याण जंक्शनचं हे वर्णन! (माझं सदस्यनाम बघा म्हणजे मी एवढा का खूश झालो ते कळेल.) लगेच पुढच्या ओळीत तो पनवेलसारखं काहीतरी नाव घेऊन गाडी तिकडून डोंगरात घालतो. प्रत्यक्षात ती थळ घाटाने कसाऱ्याहून इगतपुरीला चढायला हवी. पनवेलला तेव्हा रेल्वेचा पत्ता नव्हता.

आणि खरी गंमत 'खोल्बी'ची. तिथे गाडी थांबते आणि गार्ड सांगतो, पुढे रूळच नाहीत, अलाहाबादपर्यंत पन्नास मैल ज्याने त्याने आपली सोय बघायची. लंडनच्या पेपरांनी मार्ग पुरा झाल्याचं छापलेलं असतं, प्रवाशांना पूर्ण तिकीट विकलेलं असतं. वास्तवात मार्ग खरोखरच पुरा झालेला होता. व्हर्नने तो मुद्दाम तोडला, कारण तोडल्याशिवाय हत्ती कसा आणणार? फॉग तो हत्ती दोन हजार पौंडांना विकत घेतो.

हा प्रसंग सिनेमात आहे आणि त्यातला रेल्वेचा अधिकारी आहे रोनाल्ड कोलमन. सरकारी खात्यात तुम्हाला 'पुढच्या खिडकीवर विचारा' म्हणतात तो निर्विकारपणा त्याने दोन मिनिटांत पकडलाय. संपूर्ण सिनेमात व्हर्नच्या सर्वात जवळचं काही असेल तर ते हे. चार इंग्रज आणि एक थांबलेली गाडी. सत्तर_एमएम, तुम्ही विचारलंत ना की आगगाडीचा डबा दाखवायचा का? हो, दाखवायचा.

-----

ठाकुरद्वारची_मावशी

तुम्ही पुरुषमंडळी रूळ मोजत बसलात आणि औदाकडे कुणी बघायला तयार नाही.

कादंबरीतली औदा पारशी आहे. मुंबईच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, अस्खलित इंग्रजी बोलणारी. आईबाप गेल्यावर तिचं मनाविरुद्ध बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी लग्न लावून देतात, तो तीन महिन्यांत मरतो आणि तिला सती घालायला निघतात. आता पारशी मुलगी आणि चिता! ज्या धर्मात अग्नी इतका पवित्र की मृतदेह त्याला लावत नाहीत, त्या घरातली पोर व्हर्नने थेट सरणावर चढवली. आणि सतीबंदीचा कायदा १८२९चा. व्हर्नला तोही ठाऊक होता, म्हणून तर सहप्रवासी इंग्रज अधिकारी सर फ्रान्सिस क्रोमार्टीच्या तोंडून खुलासा करवलाय की संस्थानांत इंग्रजांचं चालत नाही.

इतकं करूनही कादंबरीतल्या औदाला एक पत्ता आहे. तिचे नातेवाईक सर जमशेटजी जीजीभॉयांच्या गोतावळ्यातले, त्यातला एक हाँगकाँगला धंदा करतो, म्हणून ती तिथवर यांच्याबरोबर जाते. तिथे कळतं की तो पैसे कमावून हॉलंडला निघून गेला. पारशी व्यापारी चीनच्या व्यापारात होते हे खरंच आहे. म्हणजे माणूस आपल्या गिरगाव-फोर्टातला वाटतो. सिनेमात हे सगळं पुसून 'राजकन्या' एवढंच उरलंय, आणि ती कोण तर शर्ली मॅकलेन, गव्हाळ रंग फासून. बाई गुणी आहे, पुढे तिने काय काय केलंय. पण इथे तिला काम एकच, फॉगकडे कौतुकाने बघत बसायचं. शेवटी मागणी घालते तीही कादंबरीत औदाच, हे विसरू नका. फॉग बोलूच शकत नाही, तीच हात पुढे करते आणि विचारते, बायको कराल का? १८७२ साली!

-----

बेरकी_बोका

मावशींना +१. पारशी लोकांच्या मिरवणुकीत गुलाबी जाळीदार कपड्यातल्या नाचणाऱ्या बायका पण आहेत बरं का मुंबईच्या धड्यात. आमच्या सोसायटीतल्या बावाजीला वाचून दाखवलं, तो म्हणाला, 'डीकरा, अमने कोई बोलाव्या नई!'

-----

परदेशस्थ_पामर

माझा मुद्दा वेगळा. हा सिनेमा व्हर्नचा नाहीच, हा 'ओळखा पाहू' खेळ आहे आणि तसाच बघायला हवा. चाळीसहून जास्त नामवंत मंडळी एकेका मिनिटापुरती येऊन जातात. फॉगचा आधीचा नोकर जॉन गिलगुड, नोकर पुरवणाऱ्या कचेरीत नोएल कॉवर्ड, पॅरिसमधला थॉमस कुकचा कारकून शार्ल बॉये, बोटीवरचा वाढपी पीटर लॉरे, अमेरिकेतल्या गाडीचा कंडक्टर बस्टर कीटन, अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यात मार्लेन डीट्रिच, आणि पियानोवाला पाठमोरा बसलेला असतो, मान वळवली की फ्रँक सिनात्रा. अशा छोट्या भूमिकेला 'कॅमिओ' म्हणायची पद्धत या सिनेमाने रूढ केली. १९५६चा प्रेक्षक दर दोन मिनिटांनी शेजाऱ्याला कोपर मारत असणार. आजच्या पोरांना यातला एकही चेहरा माहीत नाही, म्हणून त्यांना ते तीन तास नुसते लांब वाटतात. ओळखीचं कुणीच नसलेल्या लग्नाला गेल्यासारखं.

आणि पासपार्तूला विसरून चालणार नाही. कँटिनफ्लास हा मेक्सिकोचा विनोदी नट, स्पॅनिश बोलणाऱ्या जगात त्याचं नाव फॉग झालेल्या डेव्हिड निव्हनपेक्षा कितीतरी मोठं. तिकडच्या जाहिरातींत तोच वर. बैलांच्या रिंगणातला विनोद ही त्याची खासियत, म्हणून ती झुंज एवढी लांबली. कल्याण_जंक्शन यांना ती खटकते, पण गोल्डन ग्लोब त्याला मिळालं, फॉगला नाही. फ्रेंच नोकर मेक्सिकन झाला म्हणून कुणी रडलं नाही, हेही नोंदवून ठेवा.

ता.क.: घड्याळ कुठे गेलं म्हणता? शेवटची श्रेयनामावली बघा. सिनेमाच्या सुरुवातीला नावं नाहीतच, सगळी शेवटी, सॉल बासने केलेल्या सहा-सात मिनिटांच्या व्यंगचित्रपटात. सबंध प्रवास पुन्हा एकदा, कोण कुठे आला त्या क्रमाने. त्यात फॉग काय आहे? टोपी घातलेलं, दोन पायांवर तुरुतुरु चालणारं घड्याळ.

-----

कल्याण_जंक्शन

पामर, हे जबरी. म्हणजे तीन तासांत टॉडला जे सुचलं नाही ते सॉल बासने सहा मिनिटांत केलं. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, धन्यवाद!

-----

सत्तर_एमएम

सिद्ध वगैरे काही नाही. ते सहा मिनिटांचं काम टॉडनेच करवून घेतलं ना?

या माणसाबद्दल जरा सहानुभूती ठेवा. १९४६मध्ये ऑर्सन वेल्सबरोबर याच कादंबरीचं संगीत नाटक तो काढणार होता, गाणी कोल पोर्टरची. खर्च बघून टॉडने अंग काढून घेतलं आणि वेल्स कर्जात बुडाला. दहा वर्षांनी त्याच टॉडने स्वतः साठेक लाख डॉलर घालून हा सिनेमा केला. एवढा एकच कथापट त्याच्या नावावर निर्माता म्हणून आहे. मार्च १९५८मध्ये न्यू मेक्सिकोत त्याचं खासगी विमान पडलं. एलिझाबेथ टेलरशी लग्न होऊन वर्ष झालं होतं, आजारी होती म्हणून ती त्या विमानात नव्हती.

फॉगच्या मागावरच्या गुप्तहेराचं, म्हणजे फिक्सचं, काम करणारा रॉबर्ट न्यूटन सिनेमा लागायच्या आधीच, मार्च १९५६मध्ये गेला. संगीतकार व्हिक्टर यंग सिनेमा लागल्यावर महिन्याभरात गेला. आयुष्यभर नामांकनं मिळत राहिली, ऑस्कर मिळालं ते मरणोत्तर. त्याची ती वॉल्ट्झची धून बलूनच्या दृश्यावर वाजते तेव्हा पैज, वेळापत्रक, सगळं खड्ड्यात जाऊ दे असं मला वाटतं. हा माझा दोष असेल.

-----

गणिती_गणोबा

इथे इतकं घड्याळ घड्याळ चाललंय म्हणून येतो. पूर्वेकडे जाताना दर अंशाला चार मिनिटं दिवस आखूड होतो. ३६० गुणिले ४ म्हणजे १,४४० मिनिटं, बरोब्बर एक दिवस. म्हणून फॉगला ८० सूर्योदय दिसले, लंडनकरांना ७९, आणि हरलो असं वाटलेली पैज तो जिंकला. इथवर सगळ्यांना माहीत आहे.

पण व्हर्नच्या हिशोबात एक भोक आहे आणि ते बुजत नाही. फॉग न्यूयॉर्कला ११ डिसेंबरच्या रात्री पोचतो आणि 'चायना' ही बोट पाऊण तासाने चुकते. बोट ११ तारखेचीच. आता फॉगच्या वहीत पॅसिफिक ओलांडल्यापासून तारीख एक दिवस पुढे असायला हवी, म्हणजे १२. बोट पाऊण तासाने नव्हे, एक दिवस आणि पाऊण तासाने चुकली असं त्याला वाटायला हवं होतं. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत आठ दिवस अमेरिकेत काढले. तिथे एकाही वर्तमानपत्रावर, तिकिटावर, स्टेशनातल्या फळ्यावर त्याची नजर पडली नाही? वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या माणसाची?

पासपार्तूच्या घड्याळाची गोष्ट मात्र पक्की आहे. तो पणजोबांचं घड्याळ लंडनच्याच वेळेवर ठेवतो, कुणी कितीही सांगितलं तरी काटे फिरवत नाही. जगाच्या पलीकडच्या टोकाला ते बरोबर बारा तास चुकतं, म्हणजे बरोबर वेळ दाखवतं, आणि हा खूश होतो. तबकडी चोवीस तासांची असती तर तिथेच भांडं फुटलं असतं, हे व्हर्न स्वतः सांगतो.

-----

कल्याण_जंक्शन

गणोबा, तारखेचं भोक मान्य. पण एक बघा. फॉगच्या वहीत 'डिसेंबर ११' हे बोटींच्या छापील तक्त्यातून येतं, आणि दिवस मोजणं डोक्यातून. दोन्ही एकत्र येऊन भांडत नाहीत कारण व्हर्न त्यांना एकाच पानावर येऊच देत नाही. लेखकाची हातचलाखी आहे. क्लबात मुदतीच्या शेवटच्या मिनिटात, ५७व्या सेकंदाला दार उघडून फॉग आत येतो तेव्हा कुणाला न्यूयॉर्क आठवतं?

-----

गणिती_गणोबा

मला आठवलं. म्हणून तर सदस्यनाम असं आहे.

बाकी ती 'आंतरराष्ट्रीय वार रेषा' तेव्हा कुठल्या कागदावर ठरलेली नव्हती. ग्रिनिचच्या रेखावृत्तावर परिषद भरली ती १८८४मध्ये. दर्यावर्दी लोक आपल्या सोयीने तारीख बदलत. त्यामुळे फॉगला कुणी 'साहेब, तारीख मागे करा' असं सांगितलं नसेल, एवढी सूट देतो. याहून जास्त नाही.

-----

गोदाकाठचा

हिशोबाचंच चाललंय तर शेवटचा हिशोबही मांडा. पैज वीस हजार पौंडांची, वाटेत खर्च जवळजवळ एकोणीस हजार. उरलेले हजार फॉग पासपार्तू आणि फिक्स यांच्यात वाटून टाकतो. त्यातही पासपार्तूच्या वाट्यातून १,९२० तासांच्या गॅसचे पैसे कापून घेतो, कारण निघताना हा खोलीतला दिवा बंद करायला विसरलेला असतो. १,९२० म्हणजे ८० गुणिले २४. जगप्रदक्षिणा केली, जीव वाचवला, तरी वीजबिल, आपलं गॅसबिल, ज्याचं त्याने भरायचं. असा मालक कोकणस्थ नाही तर काय. (ह.घ्या., म्हणजे हलकेच घ्या.)

-----

ठाकुरद्वारची_मावशी

ह.घ्या. लिहिलंत म्हणून वाचलात.

-----

परदेशस्थ_पामर

थोडं अवांतर. १८८९मध्ये नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार खरंच या प्रवासाला निघाली आणि ७२ दिवसांत परतली. वाटेत फ्रान्समध्ये आमिआँला जाऊन व्हर्नला भेटली. पण तिने मुंबई गाळली. एडनहून कोलंबो, मग पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग. म्हणजे भारतातली रेल्वे तोवर सगळी जोडलेली असूनही तिने समुद्रच धरला. बीबीसीसाठी मायकेल पेलिन फॉगच्या मागावर निघाला तेव्हा मात्र तो दुबईहून लाकडी गलबतातून मुंबईला उतरला. डेकवर झोपत, गुजराती खलाशांच्या हातचं खात. एकोणिसाव्या शतकातली आगबोट विसाव्या शतकात मिळाली नाही, कारण सगळे विमानाने जातात. पेलिनच्या मालिकेत घड्याळाचा धाक पुरेपूर आहे. कल्याण_जंक्शन, तुम्हाला हवी असलेली गोष्ट तिथे आहे.

-----

रेवती_वाचतेय

एक व्यावहारिक प्रश्न. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा बारा. दोघांनी कादंबरी मराठीत वाचली आहे. हा सिनेमा दाखवू का? तीन तास बसतील का?

-----

कल्याण_जंक्शन

रेवती, एका बैठकीत नको. मध्यंतर आहेच, तिथे तोडा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी. मरोचं प्रास्ताविक पळवत पुढे जा, मुलं तिथेच उठून जातील. बलून पूर्ण दाखवा. स्पेनमध्ये पाहिजे तर जेवण उरका. सतीचा प्रसंग नऊ वर्षांच्या मुलीला दाखवण्याआधी तिच्याशी बोला, आणि औदाचा रंग रंगवलेला आहे हेही सांगा, मुलं बरोबर विचारतात. अमेरिकेतली आगगाडी आणि बोटीचं लाकूड जाळण्याचा भाग मुलांना नक्की आवडेल. फॉग आख्खी बोट विकत घेतो आणि तिचेच खांब, तक्तपोशी, खुर्च्या भट्टीत घालतो. सिनेमात तिथे घाई आहे, कबूल करतो.

-----

सत्तर_एमएम

आणि मोठ्यात मोठ्या पडद्यावर दाखवा हो. प्रोजेक्टर असेल कुणाकडे तर मागून आणा. दिवे बंद. पॉपकॉर्न नाही, टॉडसाहेबांची आज्ञा.

-----

रेवती_वाचतेय

पॉपकॉर्न नसेल तर दोघंही बसणार नाहीत. टॉडसाहेबांना सांगा.